डबी घाबरेल

भिंगकाकांच्या दारावर एक चिठ्ठी होती: 'घंटी बंद आहे. बोटाने हळू वाजवावे.' अक्षर सुरेख, ओळ सरळ, आणि 'हळू' या शब्दाखाली दोन रेघा. वाचणाऱ्याला वाटे, आत कोणीतरी आजारी असेल किंवा तान्हं मूल झोपलं असेल. आत तसं कोणी नव्हतं. आत अठ्ठावन्न वर्षांचा एक ठणठणीत माणूस राहत होता आणि एक मासा राहत होता. चिठ्ठी माशासाठी होती.

भिंगकाका हे नाव त्यांना दुकानात पडलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते काचा घासायचं काम करत. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलत फ्रेमा दाखवायचा, आणि मागे हे यंत्रावर वाकून गोल काच फ्रेमच्या मापाला आणायचे. एकतीस वर्षं हेच काम. ते यंत्र असं किंचाळे की शेजारच्या दुकानातली बाई दुपारी कानांत कापूस घालून बसायची. कधी कधी काका डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून तसेच घरी येत, आणि जिन्यातल्या पोरांना हसायला निमित्त मिळे.

पण दिवसभर कानठळ्या सोसणाऱ्या या माणसाने आपलं घर मात्र चिडीचूप करून टाकलं होतं, आणि तेही कारागिराच्या हाताने. चष्म्यांच्या जुन्या डब्यांमधलं मऊ अस्तर कापून त्यांनी खुर्च्यांच्या आणि टेबलाच्या पायांखाली चिकटवलं. चष्मा नाकावर टेकतो तिथे त्या इवल्याशा मऊ गाद्या असतात ना, त्या त्यांनी कपाटांच्या दारांना आतून ओळीने लावल्या. रेडिओ देऊन टाकला. फोनचा आवाज कायमचा बंद. बाहेरच्या दारापुढे मात्र त्यांनी हात टेकले. जुनं, जड लाकूड, वाऱ्याने लागलं तरी भिंत हादरायची. म्हणून घंटीच्या तारा सोडवल्या आणि चिठ्ठी लावली. तसं त्या दाराने येणारं आता फारसं कोणी उरलंही नव्हतं.

माशाची ओळख करून द्यायला हवी. त्याला बॉक्सफिश म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याने डोक्याला काडीचाही त्रास दिलेला नाही, कारण तो मासा म्हणजे सरळसरळ डबा असतो. अंगावर खवल्यांऐवजी कडक कवच, चौकोनी, कोपरे काढलेलं. मागे शेपूट, बाजूंना दोन इवले पंख, आणि पुढे पापा घ्यायला निघाल्यासारखं तोंड. एवढ्याशा पंखांनी एवढा डबा हलवायचा म्हणजे पोहण्यापेक्षा सरकणंच जास्त. काकांच्या बायकोने तो आणला तेव्हा अर्ध्या काडेपेटीएवढा होता, लिंबासारखा पिवळा, अंगभर काळे ठिपके. तिने त्याचं नाव डबी ठेवलं आणि तेव्हापासून तो मासा 'ती' झाला.

बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मिठाचं पाणी कालवणं, मापं घेणं, नळ्या जोडणं हा तिचा हातचा मळ. सहा फुटी टाकी तिने स्वतः उभी केली. काकांनी तेव्हा भरपूर कुरकुर केली होती: घरात पाय पसरायला जागा नाही आणि समुद्र कसला आणतेस, वगैरे. पण पाण्याचा खारटपणा मोजायची ती छोटी नळकांडी घरात आली, एका डोळ्याने उजेडाकडे बघून आकडा वाचायची, आणि काका विरघळले. भिंग लागलेली कुठलीही वस्तू त्यांना वाईट वाटत नसे. त्या दिवसापासून मोजमाप त्यांच्याकडे आलं आणि कुरकुर बंद झाली.

मासेवाल्याने डबी देतानाच एक ताकीद दिली होती. हा मासा भेदरला की अंगातून विष सोडतो. समुद्रात ते वाहून जातं. टाकीत ते जाणार कुठे? बाकीचे मासे तासाभरात मरतात, आणि बऱ्याचदा तो स्वतःही मरतो. म्हणून काचेवर टकटक करायची नाही, जाळीने उचलायचं नाही, दणका होऊ द्यायचा नाही. बायकोने हे सगळं कागदावर उतरवून टाकीखालच्या स्टँडच्या दाराला आतून चिकटवलं आणि खाली तयार खाऱ्या पाण्याची झाकलेली बादली ठेवली. काही गडबड झाली की आधी डबी बादलीत, मग बाकीचं जग. तेव्हापासून घरात एकच वाक्य ऐकू येई: हळू, डबी घाबरेल. काका जोरात शिंकले तरी डबी घाबरेल. काका म्हणत, या घरात मी घाबरलो तर कोणाला पत्ता लागायचा नाही. त्यावर बायको हसायची, तेही हळू.

त्यांची मुलगी, जिला ते ठकी म्हणत, तेव्हा त्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहायची आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायची. सुट्टीच्या दिवशी यायची, आईबरोबर टाकीचं पाणी बदलायची आणि जाताना दार धाडकन लावायची. मग आतून आई ओरडायची, अगं हळू. मग जिन्यातून ठकीचं हसणं ऐकू यायचं.

आठ महिन्यांच्या दुखण्यानंतर बायको गेली. दोन महिन्यांनी ठकी येणार म्हणाली, काहीतरी बोलायचंय. काकांनी घर झाडलं, पुसलं, टाकी चकचकीत केली. ठकी चारला आली. तिचं म्हणणं होतं की बाबांनी आता तिच्याकडे राहायला यावं आणि टाकी मासेवाल्याला परत द्यावी. तिच्या दोन खोल्यांत ती मावणार नव्हती. वाईट काही बोलली नाही पोरगी. पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. आईची एवढी आठवणसुद्धा तुला डोळ्यांसमोर नको, असं ते म्हणाले. आई टाकीत नाहीये, असं ती म्हणाली. शब्दाला शब्द वाढत गेला आणि पाच वाजता ठकी उठली, निघाली आणि तिने दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं.

अर्ध्या तासात टाकीतला जीव न् जीव गेला. नारिंगी पट्ट्यांचे दोन जोकर मासे, निळा छोटा एक, लाल मिशांची कोळंबी. काकांनी डबीला ओंजळीने बादलीत घेतलं म्हणून ती तेवढी वाचली. दोन दिवस ती बादलीच्या तळाशी पडून होती. त्या संध्याकाळी काकांनी मुलीला फोन केला आणि जे बोलले ते असं:

"आईने चार वर्षं जपलेलं सगळं तू एका दारात मारलंस."

 मग ठकी हळूच सॉरी बाबा म्हणाली आणि फोन ठेवला गेला. माणूस दुःखात काहीही बोलून जातो, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. काका ते वाक्य तासभर मनात घोळवून, नीट घासून, मापाला आणून बोलले होते.

त्यानंतर ठकी त्या घरी आली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तिचा एका शब्दाचा मेसेज यायचा, 'ठीक?' आणि काका उत्तर द्यायचे, 'ठीक.' तीनेक वर्षांत हे असं चौतीस वेळा झालं. टाकीत काकांनी पुन्हा दुसरा मासा सोडला नाही. एकदा विष सोडलेली मासोळी, तिच्याबरोबर कोणाला ठेवायचं? सहा फूट पाण्यात डबी एकटी, तीन खोल्यांत काका एकटे. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते तिला कोळंबीचे तुकडे भरवत. दुपारचं जेवण सोडून घरी धावत यायचं ते त्यासाठीच. डबी त्यांना ओळखायची. ते आत शिरले की ती काचेपाशी सरकत यायची आणि तोंड पुढे करून थांबायची. दिवसभरात त्यांच्याकडे पाहून आनंद झालेला चेहरा तेवढा एकच, आणि तोही कवचाचा, ज्याच्यावर आनंद दिसायची सोय नाही.

मग एका गुरुवारी, तारीख एक नसताना, मेसेज आला. नोकरी दूर लागली होती, विमानाने जावं लागतं इतकी दूर. मंगळवारी निघायचं होतं. 'रविवारी चारला अर्धा तास येऊ का? नको असेल तर तसं सांगा.' काकांनी उत्तर लिहायला चाळीस मिनिटं घेतली. बरंच लिहिलं, बरंच खोडलं. शेवटी गेलं ते एवढंच: 'ये.'

 शनिवारी त्यांनी दुकानातून काच पुसायच्या औषधाची भरलेली बाटली घरी आणली. चष्म्यांवर फवारून पुसलं की काच आहे की नाही कळू नये असं ते औषध. रविवारी त्यांनी घर झाडलं, ठकीला आवडायची ती बिस्किटं बशीत मांडली, डबीला भरवलं. मग टाकीकडे वळले. खाऱ्या पाण्याच्या टाकीला वरच्या कडेवर मिठाचा पांढरा थर चढतो. एरवी ते बायकोसारखे ओल्या फडक्याने पुसायचे, पण आज काच लखलखायला हवी होती. त्यांनी वरचं झाकण काढून ठेवलं, बाटली उचलली आणि फडक्यावर एकदा फवारलं.

वास नाकात शिरला आणि हात तिथेच थांबला.

हा वास दुकानात ते रोज घेत, तिथे तो कळतही नसे. पण या खोलीत, या टाकीजवळ तो एकदाच आला होता. त्या दिवशी. त्या दिवशीही ठकी येणार होती. त्या दिवशीही त्यांनी खास बाटली आणली होती, झाकण काढलं होतं आणि फडक्यावर नव्हे, सरळ कडेवर फवारलं होतं, वरून, चांगलं पाच-सहा वेळा. तुषार खाली पाण्यात गेले असतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. काच दिसली की औषध मारायचं, एवढंच त्या हाताला एकतीस वर्षं ठाऊक.

काका बाटली घेऊन खिडकीशी गेले आणि टाकीपासून तोंड फिरवून उभे राहिले. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पाण्यातील जिवांस अत्यंत घातक, असं लिहिलं होतं. दुनियेला बारीक अक्षर वाचता यावं म्हणून आयुष्य घासलेल्या माणसाने हे पहिल्यांदा वाचलं.

ते खुर्चीत बसले. मन लगेच पळवाटा काढू लागलं. दोन्ही झालं असेल. औषधाने अर्धं झालं असेल, दाराने उरलेलं. पण ते संपूर्ण आठवत गेले आणि एक गोष्ट आडवी आली. त्या दिवशी ठकी आत आली, पर्स ठेवली, टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली होती, बाबा, हे सगळे मासे वर का आलेत, तोंडं बघा कशी करतायत. काकांनी मानही वर न करता उत्तर दिलं होतं की भूक लागली असेल. तेव्हा चार वाजले होते. दार आपटलं ते पाचला.

डबीने विष सोडलंच नव्हतं. ठकीने काही मारलं नव्हतं. त्यांनी दोघींवर खापर फोडलं होतं, एकीला काचेत एकटं ठेवलं होतं आणि दुसरीला दाराबाहेर.

सव्वातीन झाले होते. आता खरा पेच होता. न सांगता चालण्यासारखं होतं. पोरगी भांडण मागे टाकून आपण होऊन येत होती. अर्धा तास चहात गेला असता, गोड गेला असता, आणि ती मंगळवारी विमानात बसली असती. सांगितलं तर तिने तीन वर्षांचा हिशेब मागितला असता आणि कदाचित मेसेजसुद्धा आला नसता, एक तारखेलाही नाही.  काका उठले, बाटली स्वयंपाकघराच्या कपाटात मागे सरकवली. परत आले. परत जाऊन ती बाहेर काढली. मग हाताला काही काम हवं म्हणून स्टुलावर चढले, घंटीच्या तारा जोडल्या आणि दारावरची चिठ्ठी फाडून टाकली. निदान तिने तरी राजरोस घंटी वाजवून यावं.

चार वाजले. घंटी वाजली नाही. दारावर नखाचा आवाज आला, एकदाच, इतका बारीक की काका दाराला टेकून उभे नसते तर त्यांना ऐकूही आला नसता.

ठकी आत आली. केसांत थोडं पांढरं दिसलं. तिने वळून दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली, दार चौकटीला टेकवलं आणि मगच मूठ सोडली. बूट हातात उचलून कोपऱ्यात ठेवले. खुर्ची ओढली नाही, उचलून घेतली. ती टाकीपासून दोन हात लांब उभी राहिली, हात पाठीमागे बांधून.

"पिवळी होती ना ही?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

काकांनी सांगितलं की मोठी झाली की रंग उतरतो. डबी आता वीतभर होती, मळक्या निळसर रंगाची, ठिपके पुसट. नवीन माणूस दिसलं म्हणून ती काचेपाशी आली आणि तोंड पुढे करून थांबली. ठकी अजून एक पाऊल मागे सरकली. मग चहा झाला. तिने नव्या गावाबद्दल सांगितलं, नदीवर कुठला पूल व्हायचाय ते सांगितलं. प्रत्येक वेळी कप बशीत ठेवताना ती खाली बोट धरायची. काका ते बघत होते. वीस मिनिटं अशी गेली आणि चहा संपला.

काकांनी उठून बाटली आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ठके, ते दाराने झालं नव्हतं."

कुठलं दार, असं तिने विचारलं नाही.

"तू यायच्या आधी मी हे मारलं होतं टाकीवर. वरून. तू आल्या आल्या म्हणालीस ना, मासे वर का आलेत? ते तेव्हाच मरत होते. दार तू नंतर लावलंस, तासाने. माझं चुकलं. मी मारले, आणि तुझ्यावर घातलं."

ठकीने बाटली उचलली, फिरवली, मागचं वाचायचा प्रयत्न केला. काकांनी भिंग पुढे केलं. तिने वाचलं. कधी कळलं, असं तिने विचारलं. आज, मघाशी, असं त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली आणि बाटली टेबलावर ठेवली. तेव्हाही आवाज झाला नाही.

"मी सगळीकडे दारं हळू लावते, बाबा," ती म्हणाली. "ऑफिसात, घरी. टॅक्सीचंसुद्धा. टॅक्सीवाले म्हणतात, बाई, लागलं नाही, परत लावा. मग मी परत लावते, तरी लागत नाही. मग ते उतरून येतात."

 काकांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.  ठकीने विचारलं की आईला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती. काका नाक पुसत म्हणाले, आधी डबी बादलीत, मग तुझा बाप. ठकी एकदम हसली, मोठ्याने, पूर्वीसारखी. आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला आणि टाकीकडे पाहिलं. डबी तशीच काचेपाशी होती, कोळंबीची वाट बघत. तिला काही झालं नव्हतं.

अर्धा तास होऊन पाच मिनिटं वर झाली होती. ठकी उठली. पोचल्यावर कळवते, म्हणाली. काका तिच्यामागून गेले. ती बाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात ते म्हणाले,

"आज आपट दार. जोरात. काही होत नाही."

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिने बाहेरची मूठ धरली. काका आत उभे राहिले आणि त्यांनी खांदे आवळून घेतले, दणका येणार म्हणून. त्यांना आतली मूठ सावकाश फिरताना दिसली, दार चौकटीला येऊन टेकलं आणि मूठ सावकाश उलटी फिरून जागेवर आली. जिन्यातही काही ऐकू येईना. ते कान लावून उभे राहिले. दोन मजले ती बूट न वाजवता उतरली असावी, कारण तिच्या टाचांचा आवाज सुरू झाला तो खूप खालून, रस्त्याजवळून.